डीव्हीआर केवढ्याला पडतो? रेकॉर्डरच्या किमतीचा इतिहास आणि आपला हिशेब

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने सारा ठाणे जिल्हा हादरला. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी, 21 ऑगस्टला, शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवायचे, खासगी शाळांनी ते एका महिन्याच्या आत बसवायचे आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासायचे. न बसवणाऱ्या शाळांवर अनुदान रोखण्यापासून मान्यता काढून घेण्यापर्यंतची कारवाई.

हेतूबद्दल दुमत असायचे कारण नाही. प्रश्न पैशाचा आहे. अनुदानित शाळांना वेतनेतर अनुदान किती आणि कधी मिळते, हे आमच्या भिवंडीतल्या उर्दू आणि मराठी शाळांच्या संस्थाचालकांना वेगळे सांगायला नको. मग कोटेशन मागवली जातात. एकाच कामाची तीन कोटेशन आली तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कॅमेरा डोळ्याला दिसतो, वायर मीटरने मोजता येते. सगळ्यात गूढ असते ते काळे खोके, म्हणजे डीव्हीआर, डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर. ते बनवायला किती लागतात, विकतात कितीला आणि मधला फरक कोणाच्या खिशात जातो? हा प्रश्न आज पहिल्यांदा पडलेला नाही. व्हिडिओ रेकॉर्डर नावाचे यंत्र जन्मल्यापासून तो त्याच्या मागे आहे.

मुसावमा आणि मुराबहा

इतिहासात शिरण्याआधी फिकहमधले दोन शब्द पाहू. आपल्या मदरशांत शिकवले जातात, पण बाजारात क्वचित आठवतात. ज्या सौद्यात विकणारा आपली मूळ किंमत सांगत नाही, दोघे घासाघीस करतात आणि एका आकड्यावर राजी होतात, तो ‘मुसावमा’. ज्या सौद्यात विकणारा सांगतो की मला ही वस्तू एवढ्याला पडली आणि मी त्यावर एवढा नफा घेतो, तो ‘मुराबहा’. दोन्ही जायज आहेत. पण मुराबह्यात मूळ किंमत खोटी सांगितली तर हनफी मतानुसार घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क मिळतो. दोष वस्तूत नसला तरीही. हिशेबात खोट निघाली एवढे कारण पुरते.

दुसरी गोष्ट इब्न खल्दूनची. 1377 साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये त्याने दोन मुद्दे मांडले. कमाईच्या मुळाशी माणसाचे श्रम असतात. आणि शहराच्या वेशीवर व बाजारात जे कर घेतले जातात ते शेवटी वस्तूच्या भावात मिसळतात. मराठीत आपण शहराच्या नाक्यावरच्या कराला ‘जकात’ म्हणत आलो. इबादतीचा शब्द नाक्यावरच्या पावतीवर कसा गेला हा वेगळ्या लेखाचा विषय. पण श्रम आणि कर हे किमतीचे दोन थर लक्षात ठेवले, तर रेकॉर्डरचा सगळा इतिहास उलगडतो.

पहिले यंत्र कोणाचे होते

1956 साली अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने व्यवहारात वापरता येईल असा पहिला व्हिडिओटेप रेकॉर्डर दाखवला. दोन इंच रुंद फीत, कपाटाएवढे धूड आणि किंमत सुमारे 45 हजार डॉलर. ते घेणार कोण? दूरचित्रवाणी केंद्रे. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला सीबीएसने त्यावर नोंदवलेल्या बातम्या प्रक्षेपित केल्या. म्हणजे यंत्र महाग होते तेव्हा त्यात नोंद व्हायची ती बातमी वाचणाऱ्याची, पुढाऱ्याची, गायकाची.

यंत्र घरात आले ते वीस वर्षांनी. 1975 मध्ये सोनीचे बीटामॅक्स, 1976 मध्ये जेव्हीसीचे व्हीएचएस. 1977 च्या शरद ऋतूत अमेरिकेत आरसीएने आपला व्हीसीआर 1,000 डॉलरला आणला, तेव्हा बीटामॅक्स 1,300 डॉलरच्या घरात होता. गंमत अशी की आरसीएचा तो व्हीसीआर आरसीएने बनवलेलाच नव्हता. तो जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने बनवला होता. कारखाना एकाचा, नाव दुसऱ्याचे. भिवंडीच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपण विणलेल्या कापडाच्या काठावर कोणाचे नाव छापले जाते, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत.

किमतीचा आणखी एक थर कोर्टात ठरत होता. घरी बसून कार्यक्रम रेकॉर्ड करणे ही चोरी आहे, असे म्हणत हॉलीवूडच्या स्टुडिओंनी सोनीला न्यायालयात खेचले. 17 जानेवारी 1984 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर कदाचित प्रत्येक यंत्राच्या किमतीत स्टुडिओंचाही वाटा बसला असता. जर्मनीत तसे झालेच होते. तिथे 1965 पासूनच्या कायद्याने रेकॉर्डर बनवणाऱ्यांकडून कलावंतांसाठी रक्कम वसूल होत होती. ती शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जायची.

सहार विमानतळावरून भिवंडीत

आपल्याकडे रंगीत चित्र आले 1982 मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने. सरकारने रंगीत संच आयात करू दिले, जोडणीसाठी किट येऊ लागली. व्हीसीआर मात्र सीमाशुल्काच्या भिंतीपलीकडे होता. भिंत उंच असली की दोन गोष्टी होतात: चोरटा माल आणि सामानातून आलेला माल.

भिवंडी, कल्याण, पडघा-बोरिवली, महापोळी या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमानांची एक पिढी तेव्हा कुवेत, सौदी, बहरीन, दुबईत राबत होती. सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात अत्तर, घोंगडी आणि टू-इन-वनच्या जोडीला व्हीसीआर आला. त्या एका यंत्राची खरी किंमत काय धरायची? दुकानातला दिरहम-रियालचा भाव, सहार विमानतळावर भरलेले शुल्क आणि तीन-तीन वर्षे घराबाहेर काढलेले दिवस. यातला तिसरा आकडा कोणत्याही पावतीवर नसायचा.

ज्यांच्या घरी आखाताचा पैसा नव्हता त्यांनी वाटणीचा मार्ग काढला. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट रात्रभरासाठी भाड्याने आणायच्या आणि मोहल्ल्याने वर्गणी काढायची. यंत्र परवडत नाही तर त्याची एक रात्र घ्यायची. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मोठे नाव असेल, आपल्याकडे ती साधी व्यवहारबुद्धी होती. लूमच्या पाळीतून सुटलेला कारागीर व्हिडिओ पार्लरमध्ये बसू लागला. सरकारलाही दखल घ्यावी लागली. 1984 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ फिल्म आली, शिक्षा वाढल्या, कॅसेटवर निर्मात्याचे नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापणे बंधनकारक झाले.

हा काळ भिवंडीसाठी फार उलथापालथीचा होता. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे बरेच काम यंत्रमागांकडे वळले. मे 1984 च्या दंगलीने शहर होरपळले. त्या जखमांच्या मधोमध शहर वाढत होते, लूम वाढत होते आणि करमणुकीचे नवे यंत्र भाड्याने फिरत होते.

चितेगाव, कोरेगाव भीमा आणि किटचा धंदा

मग महाराष्ट्रातच ही यंत्रे बनू लागली. औरंगाबादजवळ चितेगावला धूत घराण्याच्या व्हिडिओकॉनने तोशिबाच्या तंत्रसहकार्याने रंगीत संच बनवले. पुण्याजवळ कोरेगाव भीमाला कल्याणी शार्प ही कंपनी जपानच्या शार्पशी करार करून टीव्ही आणि व्हीसीआरच्या धंद्यात उतरली. ‘भारतात बनलेला’ हा शिक्का खरा होता, पण अर्धाच. पेटी, छपाई, जोडणी, तपासणी इथली. यंत्राचा जीव, म्हणजे मुख्य सुटे भाग, बऱ्याच अंशी बाहेरचा. त्यामुळे डॉलर वधारला की ‘देशी’ यंत्रही महाग व्हायचे. जुलै 1991 च्या अवमूल्यनानंतर हे सगळ्यांना कळले.

आपल्या यंत्रमागाचा धंदा डोळ्यांसमोर आणा. जॉबवर्क करणाऱ्या मालकाला शेठ सूत देतो, कापडाची जात शेठ ठरवतो, तयार कोरे कापडही शेठच नेतो. आपली ती फक्त विणाई. ती मोजली जाते पिकावर, म्हणजे एका इंचात किती आडवे धागे पडतात त्यावर. समजा दर पिकामागे मीटरला 20 पैसे ठरला आणि कापड 52 पिकांचे आहे, तर विणाई झाली मीटरमागे 10 रुपये 40 पैसे. यातूनच विजेचे बिल, कारागिराची मजुरी, कांडीवाला, जागेचे भाडे, तेल आणि मोडतोड भागवायची. जे उरेल ते मालकाचे. पुढे ते कापड धुलाई-रंगाईला जाते, मुंबईच्या मंगलदास मार्केट किंवा मुळजी जेठा मार्केटमधून फिरते, शर्ट होते आणि शोरूममध्ये लागते. त्या शर्टच्या भावात आपले 10 रुपये 40 पैसे कुठे लपले ते शोधून सापडत नाहीत.

व्हीसीआरची किट जोडणी आणि आजची डीव्हीआरची जोडणी ही याच जातीची कामे आहेत. ज्याच्याकडे नक्षा, सूत आणि बाजार आहे त्याला भाव मिळतो. ज्याच्याकडे फक्त हात आहेत त्याला पिकाचा दर मिळतो. केंद्र सरकारने मार्च 2025 मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यामागची कबुली हीच आहे की नुसत्या जोडणीत फारसे उरत नाही.

मालेगावचा अपवाद

नव्वदच्या दशकात व्हीसीडी आली, व्हीसीआर उतरणीला लागला आणि जुनी यंत्रे हाती येण्याजोगी झाली. तेव्हा आपल्या दुसऱ्या यंत्रमागनगरीत, मालेगावात, एक घटना घडली. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ बनवला. लग्नाचे चित्रीकरण करायचा तसला व्हिडिओ कॅमेरा, संकलनाला व्हीसीआर, अभिनयाला लूमवरची आणि गल्लीतली माणसे. पुढे फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला.

मालेगावकडे लोक कौतुकाने पाहतात, थोडे हसतातही. मला त्यात किमतीचा धडा दिसतो. 1956 मध्ये जे यंत्र फक्त दूरचित्रवाणी केंद्राला परवडत होते, ते चव्वेचाळीस वर्षांत इतके स्वस्त झाले की विणकराने त्यात स्वतःची गोष्ट नोंदवली. रेकॉर्ड काय करायचे, कसे कापायचे, कुठे हसवायचे हे त्याने ठरवले. रेकॉर्डरच्या इतिहासात असे क्षण थोडे आहेत. कारण पुढची स्वस्ताई वेगळ्या दिशेने गेली.

तोट्यात विकलेले खोके

1999 मध्ये अमेरिकेत टिवो आणि रिप्लेटीव्ही ही दोन यंत्रे बाजारात आली. फितीऐवजी आत संगणकाची हार्ड डिस्क. घरगुती डीव्हीआरची सुरुवात ती इथून. फिलिप्सने बनवलेला 14 तासांचा टिवो 499 डॉलरला, 30 तासांचा 999 डॉलरला. शिवाय सेवेचे महिन्याला 9.95 डॉलर किंवा आयुष्यभरासाठी एकदाच 199 डॉलर. रिप्लेटीव्हीने सेवेचे वेगळे पैसे घेतले नाहीत, ते यंत्राच्या भावातच धरले. त्यामुळे दुकानात रिप्लेटीव्ही महाग दिसायचा आणि टिवो स्वस्त.

टिवो स्वस्त कसा? कंपनी यंत्र बनवणाऱ्यांना स्वतःच्या पदरचे पैसे देत होती. खोके तोट्यात विकायचे आणि वर्गणीतून भरून काढायचे, असा तो बेत. कंपनी अनेक वर्षे तोट्यात राहिली. पण थेट चालू असलेला कार्यक्रम थांबवून मागे-पुढे करण्याच्या तंत्राचे पेटंट तिच्याकडे होते. त्यावरून झालेल्या दाव्यात 2011 साली डिश नेटवर्क आणि एकोस्टार यांनी 50 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कागदावरच्या हक्काने कारखान्यापेक्षा जास्त कमावले. आपल्याकडे 2008 मध्ये टाटा स्काय प्लसच्या रूपाने डीव्हीआर घरात आला. तिथेही यंत्राच्या जोडीला महिन्याची वर्गणी आलीच.

पेटंटचा थर प्रत्येक डीव्हीआरमध्ये असतो. चित्र दाबून लहान करण्याची जी पद्धत वापरली जाते तिच्यावर अनेक कंपन्यांचे हक्क आहेत. जुन्या एमपेग-2 पद्धतीसाठी एका यंत्रामागे 4 डॉलर घेतले जात, 2002 पासून अडीच डॉलर. 2003 मध्ये आलेल्या एच.264 पद्धतीसाठी पेटंट-गटाचा दर वर्षाला पहिल्या एक लाख नगांना शून्य, पुढे 20 सेंट. तंत्र पसरायला ही सवलत फार उपयोगी पडली.

दुसरे कारण नगांच्या संख्येचे. समजा साचा, सर्किटची रचना आणि सॉफ्टवेअर यांवर एक कोटी रुपये खर्च झाले. दहा हजार खोकी विकली तर प्रत्येकावर एक हजार रुपये बसतात. दहा लाख विकली तर दहा रुपये. नवा बीम चढवून धागे भरायला शंभर मीटर कापडासाठी जेवढा वेळ लागतो तेवढाच हजार मीटरसाठी लागतो, तोच हिशेब. चीनच्या हांगझोऊ शहरात 2001 साली सुरू झालेल्या हाइकव्हिजन आणि दाहुआ या कंपन्यांनी ही संख्या गाठली. जगभरच्या दुकानांत, शाळांत, कारखान्यांत सीसीटीव्हीचे डीव्हीआर गेले. आणि ‘डीव्हीआर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर करमणुकीऐवजी पहारा येऊ लागला.

खोके उघडले तर

झाकण काढले तर आत फार काही नसते. पत्र्याची पेटी, एक सर्किट बोर्ड, त्यावर चित्र दाबणारी मुख्य चिप, थोडी मेमरी, मागे कॅमेऱ्याच्या वायर लावायची तोंडे, एक लहान पंखा, बाहेर अ‍ॅडाप्टर. बहुतेक वेळा हार्ड डिस्क वेगळी घ्यावी लागते. आणि किमतीची खरी मेख तिथेच आहे.

हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात उरल्या तीन: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. 2011 च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये महापूर आला, डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि काही आठवड्यांत जगभर डिस्कचे भाव दुपटीच्या आसपास पोचले. पूर थायलंडात, महागाई लॅमिंग्टन रोडवर. चिपचेही तसेच. पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या चिपा मोठ्या प्रमाणात हुआवेच्या हायसिलिकॉनकडून येत. 2020 मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांनी तो पुरवठा आटला आणि कंपन्यांना दुसरे दार शोधावे लागले.

आता थोडे गणित, कारण शाळेचा खरा प्रश्न इथे आहे. चांगल्या स्पष्टतेचा एक कॅमेरा एच.264 पद्धतीत सेकंदाला साधारण 4 मेगाबिट नोंद करतो असे धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे एका कॅमेऱ्याचे एका दिवसाचे चित्रण 43.2 जीबी. आठ कॅमेऱ्यांचे 345.6 जीबी. एक टीबीची डिस्क तीन दिवसही पुरत नाही. मग डीव्हीआर काय करतो? न विचारता सर्वांत जुने चित्रण पुसतो आणि त्यावर नवे लिहितो. तीस दिवसांची नोंद ठेवायची तर याच हिशेबाने दहा टीबीच्या वर जागा लागते. एच.265 ही 2013 ची पद्धत वापरली तर साधारण निम्मी जागा वाचते. हालचाल झाली तरच नोंद करायची, फक्त शाळेच्या वेळेत करायची, असे केले तर आणखी वाचते. पण हे सगळे ठरवून करावे लागते.

कोटेशनमधला स्वस्त आकडा बहुधा इथून येतो. ‘आठ कॅमेऱ्यांचा पूर्ण सेट’ असे लिहिलेले असते, डिस्क मात्र एक टीबीची. लहान मूल आपल्यावर झालेला अन्याय त्याच दिवशी घरी सांगत नाही. कधी आठवडा जातो, कधी महिना. आई धीर करून शाळेत येते तेव्हा कॅमेरा भिंतीवर असतो, खोके कपाटात असते, दिवा लुकलुकत असतो, फक्त तो दिवस पुसला गेलेला असतो. शासन निर्णयाची पूर्तता झाली, पैसे वाचले आणि ज्यासाठी खर्च केला तेच हाती लागले नाही.

वाचवलेला पैसा कोण भरतो

बनवण्याचा खर्च आणखी एका ठिकाणी कापला जातो. ते पेटीवर कुठेच दिसत नाही. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देणे, सॉफ्टवेअरमधली भगदाडे शोधणे, वर्षानुवर्षे त्याची डागडुजी करणे याला पैसा लागतो. तो वाचवला की खोके स्वस्त होते. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. त्यामागे ‘मिराई’ नावाचा व्हायरस होता. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता अशा लाखभर साध्या यंत्रांत तो शिरला होता आणि त्यांत डीव्हीआर आणि कॅमेरे मोठ्या संख्येने होते. हांगझोऊच्या शिओंगमाई कंपनीला काही माल परत बोलवावा लागला. खोके घेणाऱ्याचे त्यात काहीच गेले नाही. स्वस्ताईची भरपाई तिसऱ्यानेच केली.

आपल्या देशात ती भरपाई बायकांनी केली. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. पोलिसांच्या तपासात पुन्हा तीच गोष्ट पुढे आली: सहज ओळखता येणारे पासवर्ड.

नियमही आले. 9 एप्रिल 2024 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक केल्या आणि वर्षभराने त्या लागू झाल्या. चाचणीलाही पैसा लागतो, तोही किमतीत मिसळतो. त्यावर 18 टक्के जीएसटी. देशी जोडणीला बळ मिळाले, आंध्रच्या कडप्प्यात सीपी प्लसचा मोठा कारखाना उभा आहे. पण नियम आला म्हणून शाळेच्या कपाटातल्या जुन्या खोक्याचा पासवर्ड आपोआप बदलत नाही.

भिवंडीचा वाटा

या सगळ्या साखळीत भिवंडी कुठे आहे? दोन ठिकाणी. पहिले ठिकाण गोदामाचे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि न्हावाशेवा बंदराला जवळ, म्हणून माणकोली, पूर्णा, वळ, राहनाळ या गावांत गोदामांची रांग उभी राहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामे मात्र राहिली. देशभर जाणारा इलेक्ट्रॉनिक माल इथे उतरतो आणि चढतो. लूम बंद पडलेल्या घरांतली मुले तिथे खोकी उचलतात, बारकोड मारतात. खोक्याच्या किमतीत त्यांचा वाटा हमालीचा.

दुसरे ठिकाण कॅमेऱ्यासमोरचे. आज लूमच्या कारखान्यात, गोदामाच्या दारात, चौकात, मशिदीबाहेर आणि आता वर्गाबाहेर कॅमेरा आहे. जे यंत्र महाग असताना नटनट्यांचे चित्र साठवत होते, ते स्वस्त झाल्यावर मजुराचे साठवू लागले. मालेगावात व्हीसीआरच्या मागे विणकर उभा होता. इथे डीव्हीआरच्या समोर तो उभा आहे आणि चावी दुसऱ्याच्या हातात आहे. पहारा नको असे माझे म्हणणे नाही. चोरी पकडली जाते, खोटा आळ दूर होतो. आपल्या वस्तीतल्या माणसाला तर निर्दोष ठरायला कधी कधी चित्रणाचाच आधार मिळतो. पण ते चित्रण किती दिवस राहणार, कोण पाहणार आणि मागितल्यावर कोणाला मिळणार हे ठरवणे म्हणजेच त्या यंत्राची खरी किंमत ठरवणे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शाळेच्या संस्थांनी, मशिदीच्या ट्रस्टनी, लूमच्या मालकांनी कोटेशन मुसाव्याच्या पद्धतीने न घेता मुराबह्याच्या पद्धतीने मागावे. एकच गोळा आकडा नको. खोके केवढ्याचे, डिस्क कोणती, किती टीबीची आणि केवढ्याची, कॅमेरे, वायर, मजुरी, कर, वर्षाची देखभाल, सगळे वेगवेगळे लिहून द्या म्हणावे. दुकानदाराने नफा जरूर घ्यावा, तो त्याचा हक्क आहे, पण तो दिसू द्यावा. सोबत तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: या डिस्कवर या कॅमेऱ्यांची किती दिवसांची नोंद राहील, कारखान्याचा पासवर्ड बदलून नवा कोणाच्या ताब्यात दिला आणि बसवणाऱ्या माणसाच्या मोबाइलवरून शाळेचे चित्रण दिसणे बंद केले की नाही.

मुलामुलींचे चित्रण आपल्याकडे अमानत आहे. ते वेळेवर न सापडणे ही खयानत आणि भलत्याच्या हाती पडणे ही त्याहून मोठी. खोक्यावर वाचवलेले हजार-दोन हजार रुपये दोन्हींपैकी एकाही खयानतीची भरपाई करू शकत नाहीत. पैसा कमी असेल तर आठऐवजी पाच कॅमेरे लावा, पण महिनाभराची नोंद राहील एवढी डिस्क घ्या. आणि संस्थेच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात ‘सीसीटीव्ही बसवले’ एवढे एक वाक्य लिहून थांबू नका. किती दिवसांची नोंद राहते तो आकडा त्यात लिहा, खाली सह्या करा आणि तो पालकांनाही सांगा.